परफॉर्मन्स गाडीसाठी ब्रेडेड फ्युएल होज: निवडीपासून गळतीच्या चाचणीपर्यंत

ब्रेडेड होज म्हणजे बाहेरून स्टीलची किंवा नायलॉनची जाळी विणलेली लवचीक नळी. तो घेताना बहुतेकांचं लक्ष बाहेरच्या चकाकत्या जाळीवर असतं. पेट्रोल मात्र त्या जाळीला कधी शिवतही नाही. ते वाहतं आतल्या नळीतून. गाडी सुरक्षित राहणार की नाही हे ती नळी कशाची आहे, तिचे दोन्ही टोकांचे जोड कसे बसलेत आणि ती गाडीत कुठून नेली आहे, यावर ठरतं. जाळी आतल्या नळीला दाबाने फुगू देत नाही आणि बाहेरचे ओरखडे झेलते. तिचं काम तेवढंच.

म्हणून खरेदीची यादी करण्याआधी गाडीखाली जाऊन मूळ लाइन नीट बघा. कंपनीने टाकीपासून बॉनेटपर्यंत नेलेली लोखंडी किंवा नायलॉनची लाइन सहसा उत्तम असते. ती चेसिसला चिकटून, सायलेन्सरपासून लांब आणि दगड लागणार नाहीत अशा खाचेतून जाते. ती उपटून टाकून पूर्ण लांबीचा ब्रेडेड होज टाकण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना एक-दीड मीटरहून जास्त होज लागतच नाही. जिथे इंजिन हलतं तिथे होज, बाकी सगळीकडे कडक लाइन. जोड जितके कमी, तितक्या गळतीच्या जागा कमी.

नुसता ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप केला असेल तर लाइन बदलायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. मोठा पंप, मोठे इंजेक्टर, नंतर बसवलेला टर्बो, सर्ज टँक (पंपाला अखंड पेट्रोल देणारी छोटी जादा टाकी), इंजिन स्वॅप किंवा रॅलीसाठी तयार होणारी गाडी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक इशारा आत्ताच देतो. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, टर्बो गाड्यांमध्ये इंजिनावर दुसरा, यांत्रिक पंप असतो आणि त्याच्यापुढे दाब १०० बारच्या वर जातो. काही इंजिनांत तो २०० ते ३५० बारपर्यंत असतो. त्या पंपापासून रेलपर्यंतची (रेल म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) स्टीलची नळी कोणत्याही ब्रेडेड होजने बदलायची नाही. या लेखात जे काही आहे ते टाकीपासून त्या पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या बाजूचं, किंवा ३-४ बारवर चालणाऱ्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या आधीच्या हवेच्या मार्गात पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांचं आहे.

आतली नळी कशाची?

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. त्यातलं काही इथेनॉल महाराष्ट्रातल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येतं. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. ते रबर आधी फुगतं, त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य निघून जातं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की वाळून चिरा पडतात. साध्या होजवर या चिरा दिसतात, वाकवला की कळतात. स्टीलच्या जाळीखाली मात्र काहीच दिसत नाही. आतून कुजलेला होज बाहेरून नवाकोरा दिसतो, म्हणून स्वस्त ब्रेडेड होज हा साध्या चांगल्या होजपेक्षा जास्त धोकादायक.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला, जाळीखाली रबर किंवा कृत्रिम रबर. हा लवचीक असतो, जोडायला सोपा आणि स्वस्त. पण त्यातून पेट्रोलची वाफ हळूहळू बाहेर झिरपते. बंद गॅरेजमध्ये सकाळी वास येतो आणि गळती कुठेच सापडत नाही, तेव्हा अनेकदा कारण हेच असतं. दुसरा, जाळीखाली पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो ते. त्यावर पेट्रोल, ई-२०, ई-८५, शुद्ध इथेनॉल, कशाचाच परिणाम होत नाही आणि वास जवळजवळ येत नाही. तोटा असा की तो कडक असतो, फार वाकवला तर मोडतो, आणि एकदा मोडलेली जागा पुन्हा कधीच गोल होत नाही. ई-२० च्या या दिवसांत नवीन होज घ्यायचा तर पीटीएफईच घ्या.

पण पीटीएफईतही एक भेद आहे. पेट्रोल वेगाने वाहताना नळीच्या आत स्थिर वीज साठते. साधी, पांढरी पीटीएफई नळी विजेला वाट देत नाही. मग ती वीज भिंत भेदून जाळीपर्यंत उडी मारते आणि नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. म्हणून इंधनासाठी कार्बन मिसळलेली, वीजवाहक पीटीएफई नळी लागते. ती आतून काळी दिसते. फक्त रंगावर न जाता उत्पादकाच्या माहितीपत्रकात ‘कंडक्टिव्ह’ लिहिलेलं आहे का ते पाहा.

भोसरी, चाकण, शिरोली अशा औद्योगिक पट्ट्यांत हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत आणि त्यांचं क्रिम्पिंग (यंत्राने दाबून फिटिंग बसवणं) बऱ्याचदा फार चांगलं असतं. पण तिथला नेहमीचा काळा हायड्रॉलिक होज खनिज तेलासाठी असतो, पेट्रोलसाठी नाही, मग त्याची दाबाची क्षमता कितीही मोठी असो. तिथे मिळणारा स्टील जाळीचा टेफ्लॉन होज वाफेसाठी आणि रसायनांसाठी बनलेला असतो आणि आतून बहुधा पांढरा असतो. वीजवाहक नळी तुम्ही आणून द्या आणि क्रिम्पिंग त्यांच्याकडून करून घ्या, हा मार्ग उत्तम.

रबरी होजच घ्यायचा असेल तर त्यावरचं मानक वाचा. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या जे-३० मानकातले आर-६ आणि आर-७ हे कार्ब्युरेटरच्या कमी दाबाचे. इंजेक्शनसाठी किमान आर-९. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी मात्र आर-१० च लागतो, कारण तिथे नळी बाहेरूनही पेट्रोलात असते. टाकीत आर-९ चा तुकडा घातला तर त्याचं बाहेरचं आवरण सुटतं आणि त्याचे कण पंपात जातात.

स्पर्धेसाठी गाडी करत असाल तर तुमच्या गटाचे नियम आधी वाचा. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) परिशिष्ट-जे मध्ये इंधनाच्या लवचीक लाइनला किमान ७० बारचा फुटण्याचा दाब, तोही १३५ अंश सेल्सिअसला, मागितला आहे. जोड आट्यांचे, क्रिम्प केलेले किंवा आपोआप बंद होणारे हवेत. बाहेरचं आवरण घासणं आणि आग सोसणारं हवं.

माप

एएन हे होज आणि फिटिंगचं प्रचलित मानक. त्या मापातला आकडा म्हणजे इंचाचे तेवढे सोळावे भाग. एएन-६ म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच. हे माप धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचं आहे. होजचं आतलं भोक त्याहून लहान असतं. एएन-६ पीटीएफई होजचं भोक साधारण ८ मिमी, एएन-८ चं साधारण १० मिमी.

हिशोब करू. समजा पोर्ट इंजेक्शनची जुनी सेदान आहे, टर्बो बसवून २०० अश्वशक्तीपर्यंत न्यायची आहे. टर्बो इंजिनाला पूर्ण जोरात एका अश्वशक्तीमागे तासाला अंदाजे ०.२७ किलो पेट्रोल लागतं. म्हणजे ५४ किलो, लिटरमध्ये सुमारे ७३. ई-२० साठी ७-८ टक्के वाढवा, तासाला ७९ लिटरच्या आसपास. तासाला २५५ लिटरचा पंप बसवला तर तो याच्या तिप्पट पेट्रोल ढकलतो, आणि ८ मिमीच्या भोकातून ते सेकंदाला दीड मीटरहूनही कमी वेगाने जातं. अगदी आरामात. रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीला एएन-६ पुरतो. शुद्ध इथेनॉल किंवा ५०० अश्वशक्तीच्या पुढची गोष्ट असेल तर एएन-८ चा विचार करा.

मोठा होज म्हणजे जास्त ताकद, हा समज खोटा आहे. उलट परतीच्या लाइनकडे कोणी बघत नाही आणि अडचण तिथे येते. गाडी आयडलवर असताना इंजिन अगदी थोडं पेट्रोल खातं, बाकी सगळं टाकीत परत जातं. म्हणजे परतीच्या लाइनवर सर्वांत जास्त भार आयडललाच येतो. ती बारीक असेल तर रेग्युलेटर (लाइनमधला दाब ठरवणारी झडप) पूर्ण उघडूनही दाब खाली येत नाही. रेग्युलेटर ३ बारवर लावलेला असताना गेजवर ३.५ दिसत असेल आणि स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल, तर रेग्युलेटर बदलण्याआधी परतीची लाइन तपासा. मोठा पंप लावला की परतीलाही एएन-६ ठेवा.

फिटिंग: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

एएन फिटिंगची बैठक ३७ अंशांची असते. धातू धातूवर बसून सील होतं, आटे फक्त दाबून धरतात. त्यामुळे या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेपने सील होत नाहीच, उलट तिचे तुकडे सुटून इंजेक्टरच्या जाळीत अडकतात.

हायड्रॉलिकवाल्यांचं जेआयसी फिटिंगही ३७ अंशांचंच. ते एएनला जोडता येतं. जड असतं, पण चालतं. फ्रिज-एसीच्या दुकानातलं पितळी फ्लेअर फिटिंग मात्र ४५ अंशांचं. एएन-४, एएन-८ आणि एएन-१० मध्ये दोघांचे आटे सारखेच असल्यामुळे ते छान बसतं, घट्ट होतं, आणि गळतं. कोन वेगळा असल्याने फक्त एका बारीक कडेवर टेकतं. एएन-६ मध्ये आटे वेगळे आहेत, एएनचा ९/१६-१८ (इंचातला व्यास आणि इंचाला आटे) आणि दुसऱ्याचा ५/८-१८, म्हणून तिथे ही चूक सहसा होत नाही.

आपल्याकडचा दुसरा सापळा बीएसपी आणि एनपीटीचा, म्हणजे पाइपच्या आट्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकी मानकांचा. परदेशी रेग्युलेटरच्या गेजचं भोक बहुधा १/८ एनपीटी असतं, त्याला इंचाला २७ आटे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं १/८ बीएसपी, त्याला २८. दोन-तीन फेरे अगदी गोड जातात, मग अडतं, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. एनपीटीचा आटा निमुळता असल्याने त्याला पेट्रोल सोसणारं द्रव सीलंट लागतं, पहिले दोन आटे कोरडे सोडून.

रेल, रेग्युलेटर आणि फिल्टरवर ओ-रिंगवालं ओआरबी फिटिंगही असतं. त्याचे आटे एएनसारखेच, पण सील ओ-रिंगने होतं. ओ-रिंग व्हायटॉनची (पेट्रोल सोसणाऱ्या कृत्रिम रबराची) हवी. बँजो बोल्ट (मधून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे.

मूळ लाइनला ब्रेडेड होज जोडताना क्विक कनेक्टर, म्हणजे दाबून अडकवायचा जोड, भेटतो. आजच्या गाड्यांत ७.८९ आणि ९.४९ मिमी ही मापं नेहमीची. व्हर्नियरने मोजा, अंदाजाने मागवू नका. त्यावर एएनचं ॲडॉप्टर घेताना नुसतं प्लास्टिकच्या क्लिपने अडकणारं न घेता, कॉलरमागे नट घट्ट होतो ते घ्या.

आणि लाल-निळ्या रंगाचं, आतमध्ये साधी जुबिली क्लिप लपवलेलं सजावटी कव्हर फिटिंग म्हणून विकलं जातं. इंजेक्शनच्या दाबावर ते वापरू नका.

पीटीएफई होज जोडणे

पीटीएफईचं फिटिंग आणि रबरी होजचं फिटिंग बाहेरून सारखं दिसतं, आतून वेगळं असतं. पीटीएफईच्या फिटिंगमध्ये ऑलिव्ह नावाची छोटी पितळी किंवा ॲल्युमिनियमची कॉलर असते. ऑलिव्ह नसेल तर ते फिटिंग या होजचं नाही. शक्यतो होज आणि फिटिंग एकाच उत्पादकाचं घ्या.

जिथे कापायचं तिथे मास्किंग टेपचे तीन-चार घट्ट वेढे द्या आणि टेपच्या मधोमध कापा. पातळ कटिंग व्हीलने सर्वांत स्वच्छ कट मिळतो. हॅक्सॉच वापरायची तर इंचाला ३२ दात्यांचं ब्लेड घ्या. कट अगदी काटकोनात हवा. आतल्या नळीची कड ब्लेडने साफ करा आणि कापताना उडालेला चुरा हवेने बाहेर फुंका.

आता टेप काढण्याआधीच सॉकेट (फिटिंगचा बाहेरचा नट) होजवर सरकवा. टेप काढली की जाळी पिंजारते, मग सॉकेट चढत नाही. सॉकेट मागे नेऊन टेप काढा, जाळी हलक्या हाताने बाहेर फाकवा आणि ऑलिव्ह जाळीच्या आतून, फक्त आतल्या काळ्या नळीवर चढवा. नळीचं टोक ऑलिव्हच्या आतल्या पायरीला टेकलं पाहिजे. सपाट लाकडावर होज दाबला की ते बसतं. इथे घाई करू नका. स्टीलची एक तार जरी ऑलिव्हखाली सापडली, तरी तो जोड गळणार. भिंगाखाली चारही बाजूंनी पाहा.

निपलला, म्हणजे फिटिंगच्या नळीत जाणाऱ्या भागाला, दोन थेंब स्वच्छ इंजिन ऑइल लावून ते नळीत सरळ घाला. तिरकं घातलं तर आतला पातळ पापुद्रा सोलला जातो आणि तो झडपेसारखा प्रवाह अडवतो. मग सॉकेट पुढे आणून हाताने आटे लावा. निपलचा भाग मऊ जबड्यांच्या व्हाईसमध्ये धरा, ॲल्युमिनियमच्या पान्याने सॉकेट घट्ट करा. शेवटी दोन्हींच्या मधे साधारण १ मिमी फट राहते. जोड पुन्हा उघडला तर ऑलिव्ह नवी घाला, जुनी दाबून आकार बदललेली असते.

दोन्ही टोकांचे कोन लावताना होज गाडीत धरून खूण करा. ४५ किंवा ९० अंशांची टोकं एकमेकांच्या तुलनेत चुकीच्या दिशेला बसली तर होजला पीळ पडतो, आणि पिळलेला होज दाब आला की स्वतःला सरळ करताना नट सैल करतो.

तयार होज आतून पेट्रोलने धुवा, हवेने वाळवा. मग एक टोक कॅपने बंद करून दुसऱ्या टोकातून ७-८ बार हवा द्या आणि पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवा, टोकं कोणाच्याही दिशेने नकोत. सुरुवातीला जाळीत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात, ते थांबतात. एकाच जागेहून सतत येणारा बुडबुडा म्हणजे गळती.

गाडीवर काम

आधी लाइनमधला दाब काढा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. इंजिन गार झालं की बॅटरीची ऋण तार काढा, टाकीचं झाकण उघडा. जोडावर चिंधी गुंडाळून मगच पाना लावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साठते, म्हणून हे काम गॅरेजच्या पिटवर करू नका. उघड्यावर, गाडी स्टँडवर घेऊन करा. ग्राइंडर, वेल्डिंग, हॅलोजन दिवा यांपैकी काहीही जवळ नको. पावडरचा अग्निशामक हाताशी आणि एक माणूस सोबत हवाच.

होज नेताना पहिला विचार उष्णतेचा. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरून कधीच नाही. गळलं तर पेट्रोल थेट लाल तापलेल्या लोखंडावर पडेल. बाजूने जाताना किमान १५० मिमी अंतर ठेवा, तेवढी जागा नसेल तर फायर स्लीव्ह (होजवर चढवायचं उष्णता सोसणारं आवरण) घाला. स्टीलची जाळी उष्णता अडवत नाही.

दुसरा विचार घासण्याचा. स्टीलची जाळी कानसेसारखी चालते. वायरिंग, एसीची नळी, ब्रेकची लाइन, जे काही तिला टेकेल ते ती हळूहळू कापते. दर ३००-४०० मिमीवर रबर लावलेली पी-क्लिप लावा. पत्र्यातून जाताना ग्रोमेट, आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना शक्य तिथे बल्कहेड फिटिंग, म्हणजे पत्र्यात पक्कं बसणारं आरपार फिटिंग. नायलॉन जाळी हलकी असते आणि इतर गोष्टी कमी घासते, पण उंदीर ती कुरतडतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीला मी स्टीलची जाळीच सुचवतो.

तिसरा विचार हालचालीचा. गिअर टाकताना, ॲक्सिलरेटर सोडताना इंजिन माउंटवर डोलतं. दाब आला की होजची लांबीही किंचित बदलते. म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मधे थोडा ढिलेपणा ठेवा. वळण उत्पादकाने दिलेल्या किमान त्रिज्येपेक्षा लहान नको. एएन-६ पीटीएफईसाठी ती सहसा १०० मिमीच्या आसपास असते. त्याहून तंग जागा असेल तर होज वाकवू नका, वाकडं फिटिंग लावा. फिटिंगपासून निघताच लगेच वळण नको, काही सेंटीमीटर सरळ जाऊ द्या. केबिनमधून लाइन नेण्याची वेळ आली तर आत एकही जोड ठेवू नका.

फिल्टर पंपानंतर आणि रेलच्या आधी, १० मायक्रॉनचा. तो गाडीखाली असेल तर पावसाळ्यात घाटातल्या खडीपासून वाचेल अशा आडोशाला लावा.

घट्ट करताना उत्पादकाने दिलेला टॉर्क वापरा. नसेल तर बैठकीला थेंबभर तेल लावून हाताने पूर्ण बसवा आणि पान्याने साधारण एक फ्लॅट, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, आणखी फिरवा. ॲल्युमिनियमचं फिटिंग जास्त आवळून गळती थांबत नाही, बैठक चिरडते. पाने नेहमी दोन, एक धरायला आणि एक फिरवायला. घट्ट झालेल्या प्रत्येक जोडावर पेंट मार्करने रेघ मारा, नट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

पहिल्यांदा पेट्रोल सोडताना

इंजिन चालू करू नका. बॅटरी जोडून फक्त चावी ऑन करा, पंप दोन सेकंद फिरून थांबेल. असं चार-पाच वेळा करा. प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू फिरवा. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा ओलावा त्यावर उमटतो. गेजवर दाब किती चढतो आणि पंप थांबल्यावर किती वेळ टिकतो ते पाहा. मग इंजिन चालू करून आयडलला दाब नोंदवा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की मूळ दाब दिसला पाहिजे आणि टर्बोच्या बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) बूस्टइतकाच वर गेला पाहिजे. ३ बार मूळ दाब आणि १ बार बूस्ट, तर गेजवर ४.

इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, कारण बॉनेटखालची सगळ्यात जास्त उष्णता इंजिन बंद केल्यानंतरच साठते. काही गळत्या फक्त गरम असताना होतात, काही फक्त थंडीच्या पहाटे. दोन्ही वेळा टिश्यू फिरवा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पेंटच्या रेघा बघा, मग प्रत्येक सर्व्हिसला.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापासून गाडी बदलण्यावर बंधन आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आग लागल्यास विमा कंपनी इंधनाच्या लाइनमधला बदल पहिल्यांदा बघेल. टर्बोची गाडी ट्रॅकपुरती ठेवणं मला म्हणूनच जास्त योग्य वाटतं.

होजवर एक छोटा टॅग बांधा आणि त्यावर बसवल्याची तारीख, नळीचा प्रकार आणि माप लिहा. जाळीखाली रबर असेल तर दोन-तीन वर्षांत तो बदलूनच टाका, बरा दिसत असला तरी. पीटीएफई जास्त टिकतो, पण जाळीची तार तुटून टोचायला लागली, कुठे वळणात चपटेपणा आला किंवा फिटिंगजवळ जाळी काळवंडली, तर तो तुकडा त्याच दिवशी काढा. पुढचा मेकॅनिक तुम्हाला ओळखत नसेल, टॅग त्याच्यासाठी आहे.